गणोजींनी पुसलेला ठिपका

सन ऐंशी ते दोन हजार दहा या तीस वर्षांत धार शहरातल्या ज्या मुलींची लग्नं फोटोवरून ठरली, त्यांतल्या निम्म्या मुलींच्या सासरच्यांना गणोजी जगदाळ्यांनी फसवलेलं आहे. हे त्यांच्या तोंडावर म्हटलं तरी ते रागावत नाहीत, उलट खुलतात. "मुरूम काय, दोन महिन्यांत जाणारच होता. मी जरा आधी काढला, इतकंच," असं म्हणून ते चहा मागवतात. देवीचे व्रण, तीळ, पडलेला दात, वाकडी भुवई, सगळ्यावर त्यांचा हात फिरलेला आहे. एकही लग्न त्यामुळे मोडल्याचं ऐकिवात नाही. लोक फोटोशी लग्न करतात आणि माणसाशी संसार करतात, हे धारकरांना चांगलं ठाऊक असावं.

जगदाळ्यांचं घराणं पवारांच्या पागेबरोबर इकडे आलं. घोडे गेले, पागा गेली, जगदाळे राहिले. गणोजी सतराव्या वर्षी मोरोपंतांच्या फोटो स्टुडिओत लागले आणि टचिंग शिकले. हे काम आता कोणाला सांगून कळणार नाही. उतरत्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालच्या आरशातून तिच्यावर उजेड घ्यायचा, आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके भरत बसायचं. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पांढरा दिसतो. तो पेन्सिलीनं भरला की छापलेल्या फोटोतून डाग गायब. मोरोपंतांनी तीन गोष्टी शिकवल्या होत्या. चेहऱ्यावर डाग ठेवायचा नाही. डोळा मेलेला दिसता कामा नये, त्यात उजेडाचा एक ठिपका हवाच. आणि संध्याकाळी दुकान बंद करताना टेबल रिकामं पाहिजे, उरलंसुरलं फेकून द्यायचं. पुढे कंप्यूटर आला, पेन्सिल गेली, पण या तीन गोष्टी गणोजींच्या बोटांत राहिल्या.

त्र्याऐंशी साली गणोजींचं लग्न झालं. बकुळाबाईंच्या उजव्या कानाखाली, जबड्यापर्यंत, भाजल्याचा एक जुना डाग आहे. लहानपणी अंगावर उकळतं पाणी सांडलं होतं. लग्नाचा फोटो मोरोपंतांनी काढला आणि त्याची निगेटिव्ह घेऊन नवरदेव तीन संध्याकाळी त्या काचेपुढे बसले. इतकं जीव ओतून काम त्यांनी ना आधी कधी केलं, ना नंतर. डाग असा गेला की मोरोपंतांनीसुद्धा भिंग लावून पाहिलं. बकुळाबाईंनी फोटो हातात घेतला, "छान आहे," म्हणाल्या, एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिला. चाळीस वर्षांत तो भिंतीवर लागला नाही. बायको लाजते, असं गणोजी धरून चालले. नवऱ्यांना असे समज फार सोयीचे पडतात.

मोबाईल आले तसा स्टुडिओ आटत गेला. मोरोपंत गेल्यावर त्यांच्या मुलांनी सामान मोडीत काढलं. गणोजींच्या वाट्याला एक कॅमेरा, लग्नाच्या स्टेजसाठी घेतलेली लांब लेन्स आणि जुन्या निगेटिव्हचा एक खोका आला. ते घरीच बसून कोणाचे पासपोर्टचे फोटो वगैरे नीट करून देऊ लागले. दिवसाकाठी दोन, कधी तेही नाही. हाताला काम नसलेला कारागीर घरात फार किरकिर करतो. भाजीत मीठ कमी आहे, दार नीट लागत नाही, कॅलेंडर तिरकं आहे. बकुळाबाई टेकीला आल्या होत्या.

त्यांच्या सुटकेला शिवांगी आली. गणोजींच्या धाकट्या भावाची मुलगी, कॉलेजात अतिथी विद्वान. हुद्दा ऐकायला भारदस्त आहे, पण दरवर्षी नव्यानं नेमणूक होते आणि दरवर्षी जीव टांगणीला लागतो. तिचा विषय प्राणिशास्त्र. माळव्यातल्या पक्षी पाहणाऱ्यांच्या एका गटात ती होती आणि जानेवारीत नर्मदेवरचे पाहुणे पक्षी मोजायला हा गट धरमपुरीला जायचा.

"काकासाहेब, तुमची लांब लेन्स घेऊन चला ना," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळ्यांचे मोबाईल. पक्षी म्हणून नुसता पांढरा ठिपका येतो."

"घेऊन जा बाई, आणि संध्याकाळपर्यंत परत आणू नकोस," बकुळाबाई आतून म्हणाल्या. "लेन्सला म्हणतेय मी."

धरमपुरीच्या घाटावर गणोजींनी कुरव पहिल्यांदा नीट पाहिले. समुद्रावरचा हा पक्षी थंडीत इतक्या आत नर्मदेपर्यंत येतो. नाववाला मूठभर परमल, म्हणजे आपले कुरमुरे, पाण्यावर फेकायचा आणि शे-दीडशे पांढरे पक्षी कलकलाट करत नावेभोवती घिरट्या घालायचे. "खींचो भिया, ये तो रोज का तमाशा है," नाववाला म्हणाला. गणोजींना कित्येक वर्षांत इतकी उत्साही गिऱ्हाइकं भेटली नव्हती. कोणी डोळे मिटत नव्हतं, कोणी 'जाड दिसतेय' म्हणत नव्हतं. त्यांनी चारशे फोटो काढले. त्यातला एक पक्षी मान लांब करून सरळ त्यांच्याकडेच झेपावत होता. तो फोटो फार चांगला आला.

घरी येऊन त्यांनी चार चांगले फोटो निवडले आणि कामाला बसले. त्या झेपावणाऱ्या पक्ष्याच्या कानामागे एक काळपट डाग होता. काढला. चोचीचं टोक मळकट होतं. पुसलं. डोळा काळा, निर्जीव वाटत होता. तो फिका केला आणि उजेडाचा ठिपका ठेवला. हे सगळं करताना ते बकुळाबाईंशी आमटीबद्दल बोलत होते. मग सवयीप्रमाणे चार चांगले फोटो ठेवले, बाकीचे पुसले, कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं केलं. टेबल स्वच्छ झालं. फोटो शिवांगीला गेले आणि तिच्याकडून देवासला विक्रमसिंहांकडे.

विक्रमसिंह म्हणजे गटाचे वडीलधारे, जनावरांचे निवृत्त डॉक्टर. पक्ष्याचं नाव त्यांनी सांगितलं की ते पक्कं, असा गटाचा शिरस्ता. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला.

"गणोजीराव, हा तर बारीक चोचीचा कुरव! अपने यहाँ आजतक किसी ने नहीं देखा. डोकं बघा, एकदम साफ. डोळा फिका. फोटो ओरिजिनल आहे ना?"

"एकदम ओरिजिनल," गणोजी म्हणाले. त्यांच्या मते काम पुरं होऊन दुकानाबाहेर पडतो तोच ओरिजिनल. त्याआधीचा तो कच्चा माल.

आठ दिवसांत गणोजी मोठे झाले. गटाच्या नोंदीत त्या पक्ष्याचं नाव पहिल्यांदा चढणार होतं, खाली गणोजी आणि शिवांगी जगदाळे अशी दोन नावं. शिवांगीनं त्या नोंदीचं टिपण कॉलेजच्या नेमणुकीच्या अर्जाला जोडायचं ठरवलं. देवासला गटाची बैठक होती, तिथं शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. चौकातला पानवाला "क्यों भिया, कौन-सी चिड़िया पकड़ ली?" म्हणून हाक मारू लागला. चाळीस वर्षं हजारो फोटोंवर हात फिरवला, पण फोटोच्या मागे शिक्का मात्र मोरोपंतांचाच असायचा. आपलं नाव कुठंतरी छापून येणार या कल्पनेनं ते सुखावले, आणि का सुखावू नये?

बैठकीच्या तीन दिवस आधी शिवांगी एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. "तिथं कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे, काकासाहेब." तिनं एक पान उघडलं. दोन कुरव शेजारी शेजारी काढलेले. "हा काळ्या डोक्याचा. नर्मदेवर शेकड्यांनी असतो. उन्हाळ्यात डोकं काळं होतं, थंडीत पांढरं. पण थंडीत सुद्धा कानामागे हा काळा ठिपका राहतो. डोळा काळा, चोचीचं टोक काळं. आणि हा आपला, बारीक चोचीचा. ठिपका नाही, डोळा फिका, चोच सगळी एका रंगाची. लांबून दोघं जुळे भाऊ. फरक काय तो एवढाच."

गणोजींच्या हातातला चहा तसाच राहिला. ती गेल्यावर त्यांनी कंप्यूटर लावला आणि तो फोटो मोठा, आणखी मोठा केला. कानामागच्या पांढऱ्या पिसांत एक इवलीशी वाकडी रेघ होती. तशीच, अगदी तशीच, मानेवर बोटभर खाली दुसरी होती. तिथली पिसं उचलून इथं ठिगळ लावलं होतं. दुसऱ्या कोणाच्या बापाला दिसलं नसतं. अशी सफाई धार जिल्ह्यात दुसरा कोणी करू शकत नाही, हा विचार आधी मनात आला, आणि मग त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड लावून पाहिलं.

मूळ फोटो उरला नव्हता. ती चूक उघडकीला आणू शकेल असा जगात एकच माणूस होता. तो गप्प बसला तर बारीक चोचीचा कुरव धरमपुरीला येऊन गेला, हे कायमचं खरं ठरणार होतं.

दोन दिवस ते जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. मिठाबद्दल तक्रार आली नाही तेव्हाच बकुळाबाईंना संशय आला. त्यांनी ताट सरकवलं आणि विचारलं. गणोजींनी सगळं सांगितलं. त्या आधी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"म्हणजे पाखरालासुद्धा नाही सोडलं तुम्ही!"

"हसतेस काय? आता सांगितलं तर माझं हसं होईल ते होईल, पोरीचं काय? तिनं अर्जाला जोडलंय ते. आणि नाही सांगितलं तर कोणाचं काय बिघडणार आहे? एका पक्ष्याचं नाव तर आहे."

बकुळाबाईंचं हसू थांबलं. त्या ताटातले भाताचे कण वेचू लागल्या.

"आपल्या लग्नाचा फोटो मी कधी लावला नाही. का, ते तुम्ही विचारलं नाहीत."

"तू लाजतेस म्हणून..."

"लाजते कसली! त्यातली बाई कोण आहे ते मला ओळखू येत नाही. गोरीगोमटी, साफ गालाची. दुसऱ्या कोणाच्या बायकोचा फोटो मी माझ्या भिंतीवर का लावू?" त्या उठल्या आणि ताट उचलून म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या मनानंच केलंत, ते कळतं मला. म्हणून तर बोलले नाही. पण मला वाटलं होतं, तुम्हाला मी आहे तशी चालते."

गणोजींनी चाळीस वर्षं ज्या कामाचा सगळ्यांत जास्त अभिमान बाळगला, ते काम त्यांच्यासमोर असं उलटं होऊन पडलं होतं.

रविवारी ते शिवांगीबरोबर इंदूरमार्गे देवासला गेले. बसमध्ये तिला सांगायचं ठरवलं होतं. पण पोर खुशीत होती. या वर्षी नेमणुकीची काळजी नाही म्हणत होती, काकीसाहेबांना देवासहून काय न्यायचं ते विचारत होती. घाटाबिल्लोद गेलं, इंदूरला बस बदलली, देवासची टेकडी दिसू लागली, तरी गणोजींचं तोंड उघडलं नाही. हे त्यांनी फार वाईट केलं. ते स्वतःही आज तसंच म्हणतात.

विक्रमसिंहांच्या घरच्या दिवाणखान्यात वीसेक माणसं होती. भिंतीवर तो फोटो मोठा करून दाखवला होता. विक्रमसिंहांनी चोच दाखवली, डोळा दाखवला, डोक्याच्या पांढऱ्या रंगावर दोन मिनिटं बोलले, आणि शाल हातात घेतली. तेव्हा गणोजी उभे राहिले.

"शाल राहू द्या, डॉक्टरसाहेब. तो ठिपका होता. मी काढला."

कोणाला काही कळलं नाही. मग गणोजी भिंतीपाशी गेले आणि बोटानं दाखवू लागले. ही रेघ इथली, ही तिथली, एकच आहे बघा. चोचीचं टोक काळं होतं. डोळा असा नव्हता, मी उजळला. काम करताना बोलत होतो आमटीबद्दल, हेही सांगून टाकलं. "मला पाप करायचं नव्हतं. माझा हातच असा आहे. पण कळल्यावर तीन दिवस गप्प बसलो, ते पाप आहे."

मागून कोणीतरी हसलं. शिवांगी हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती त्यांच्याकडे बघतही नव्हती.

विक्रमसिंह खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा भिंतीकडे पाहिलं. "कपाळ," ते हळूच म्हणाले. "याचं कपाळ गोल आहे. बारीक चोचीवाल्याचं उतरतं असतं. मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. आणि स्वतःला समजावलं की समोरून असंच दिसत असेल. तीस साल से ये पंछी देखना था मुझे, भिया. मला हवा होता, म्हणून मी पाहिला." त्यांनी कागदावरची नोंद सगळ्यांसमोर खोडली. शाल प्लास्टिकच्या पिशवीत तशीच टेबलावर राहिली.

परतीच्या बसमध्ये इंदूर येईपर्यंत शिवांगी खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मला आधी सांगता आलं नसतं? जाताना अख्खा रस्ता होता." गणोजींनी मान खाली घातली. सबब मात्र त्यांनी बनवली नाही. तिनं अर्जातून टिपण काढून घेतलं. नेमणूक त्या वर्षी झाली खरी, पण पूर्ण महिनाभर काळजीत काढल्यावर. तो महिना ती काकांच्या घरी फिरकली नाही.

फेब्रुवारी सरत आला होता. नर्मदेवरच्या कुरवांची डोकी काळी होऊ लागली होती, तेव्हा एके दिवशी देवासहून एक लहानशी डबी आली. आत कॅमेऱ्याचं कार्ड आणि विक्रमसिंहांची चिठ्ठी. 'दोनशे बारा फोटो आहेत. आमच्यातल्या कोणाला इतकं बारीक दिसत नाही. काय दिसतं ते लिहा. एकही साफ करू नका.' डबी घेऊन शिवांगीच आली होती. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढली. राग गेला असं ती म्हणाली नाही, गणोजींनीही विचारलं नाही.

त्या दिवसापासून गणोजी कुरवांचं वय वाचायला शिकले. कोवळ्या पक्ष्याच्या पंखांवर तपकिरी डाग असतात, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असते, पायांचा रंग अजून कच्चा नारिंगी असतो. मोठा होईल तसा तो स्वच्छ होत जातो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा मोठेपणी फिका होतो आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका उमटतो, पोराला तो नसतो. आणि सगळ्यांत मोठा कुरव असतो त्याला तर पुरता पांढरा व्हायला चार वर्षं लागतात, दरवर्षीचे डाग वेगळे. ज्या नजरेनं गणोजी आयुष्यभर डाग शोधत आले, ती नजर कामाला आली. फक्त बोटं आवरायची होती. पहिल्या दिवशी त्यांनी उजवा हात मांडीखाली घेऊन फोटो पाहिले. शिवांगीला तेव्हा हसू आवरलं नाही, आणि काका-पुतणीचं बोलणं पुन्हा सुरू झालं. आता धार-देवासपासून गंधवानीपर्यंतचे लोक त्यांना फोटो पाठवतात आणि गणोजींचं उत्तर येतं, 'पहिला हिवाळा. पंखावर सात डाग, सातही खरे.'

मार्चमधल्या एका दुपारी त्यांनी माळ्यावरून निगेटिव्हचा खोका काढला. त्र्याऐंशीचं पाकीट सापडलं. पेन्सिलीचं काम टर्पेंटाइननं धुऊन निघतं हे त्यांना माहीत होतं, पण चाळीस वर्षांची निगेटिव्ह, कापसाबरोबर चेहराच निघून आला तर? शिवांगीनं खिडकीशी निगेटिव्ह धरून ठेवली. गणोजींनी कापूस भिजवला आणि अगदी हलक्या हातानं फिरवला. कापूस करडा झाला. तीन संध्याकाळींचं काम दोन मिनिटांत निघालं. मग निगेटिव्ह उजेडावर ठेवून तिचा फोटो काढला, कंप्यूटरवर काळ्याचं पांढरं करून घेतलं, आणि पडद्यावर एक वीस वर्षांची मुलगी आली. कानाखालून जबड्यापर्यंत डाग. डोळ्यांत त्यांनी ठेवलेला उजेडाचा ठिपकाही धुऊन गेला होता. डोळे काळे, मोठे, भेदरलेले.

"अगं, जरा इकडे ये," त्यांनी हाक मारली.

बकुळाबाई पोळ्या लाटत होत्या. पिठाच्या हातानंच आल्या आणि पडद्यासमोर उभ्या राहिल्या. त्या वयातला त्यांचा दुसरा फोटो नव्हता, माहेरीसुद्धा नव्हता. त्यांनी बोट पुढे करून पडद्यावरच्या डागाला लावलं, मग स्वतःच्या गालाला, त्याच जागी.

"हिला ओळखते मी," त्या म्हणाल्या. "किती घाबरली होती बिचारी." आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "बैठकीत लावा. खिळा जरा वर ठोका."

त्या पोळी करपेल म्हणून लगबगीनं आत गेल्या. पडद्यावर मुलीच्या गालाशी पिठाचा एक पांढरा ठिपका राहिला. गणोजी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. त्यांनी तो पुसला नाही.